अडीच दिवसांचे उमराव

उमरावसाहेब पहिल्यांदा भेटतात ते सरायीत. सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर बसलेले असतात. खुर्ची सरायवाल्याची, वाइन उधारीची, आणि समोर उभे आपण चौघे, कामाच्या शोधात आलेले.

"तुमच्यासारख्या होतकरू पोरांचं आम्हाला कौतुक आहे," ते म्हणतात. 'आम्हाला' म्हणताना डावी भुवई किंचित वर जाते. एकाच माणसात इतकं अनेकवचन मी इतरत्र पाहिलेलं नाही.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणला. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दर शनिवारी तो खेळतो. टेबलावर फासे आणि भेळ. ड्रॅगन येतात, मरतात आणि विसरले जातात. पण हा फुटकळ उमराव, ज्याला खेळ चालवणारा आमचा डंजन मास्टर खास नाकातला आवाज देतो, तो काही डोक्यातून जात नाही.

घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, ही म्हण आपली; तिचा चोख हिशेब मात्र या खेळाच्या २०१४च्या नियमपुस्तकात मांडलेला आहे. उमराव घराण्यातला माणूस खेळात उतरतो तेव्हा त्याच्याजवळ भरजरी कपडे, शिक्क्याची अंगठी, वंशावळीची गुंडाळी आणि २५ मोहरांची थैली असते. त्याच पुस्तकात राहणीमानाचे दर दिले आहेत. साध्या राहणीला दिवसाला एक मोहर लागते, खाऊनपिऊन सुखी असलेल्याला दोन. उमरावी थाटाला किमान १०. म्हणजे साहेबांची उमरावी अडीच दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुमारास गैरव्यवहार सुरू होतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांना दुसरा मार्गही नसतो.

बाकीच्या प्रतिष्ठेचे भावही छापलेले आहेत. शिक्क्याची अंगठी ५ मोहरा, खेचर ८. खोटे दस्तऐवज बनवायची पेटी १५ मोहरांना, म्हणजे नेमकी भरजरी कपड्यांच्याच किमतीला. साहेबांकडे दोन्ही आहेत. कपडे ते दाखवतात.

आमचे उमराव खेळातल्या वॉटरडीप शहरातले. या शहराचा माजी अधिपती डॅगल्ट नेव्हरेंबर याने सरकारी खजिन्यातल्या पाच लाख मोहरा हडप करून शहराखाली लपवल्या, आणि २०१८चं 'वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट' हे खेळाचं सबंध साहस-पुस्तक त्या घबाडाच्या शोधावरच उभं आहे. साहेब या अपहाराबद्दल फार कळवळून बोलतात. त्यांना कोणी त्यात घेतलं नाही. त्यांची झेप जकात चुकवून आणलेल्या पेट्यांपर्यंत. शहराचा काळा धंदा झॅनथार नावाचा अकरा डोळ्यांचा राक्षस, म्हणजे बिहोल्डर, चालवतो. त्याचा जीव एका गोल्डफिशवर. साहेब स्वतःला त्याचे भागीदार समजतात. त्या अकरांपैकी एकही डोळा साहेबांवर कधी पडला असेल असं मला वाटत नाही.

कामाची बोलणी ऐकण्यासारखी असतात. पेटी उचलून आणायची आहे. कुठून? "गुदामातून." कोणाच्या? "आमच्या घराण्याच्याच म्हणा." मग रात्री का? "दिवसा गर्दी असते." पेटीत काय? इथे वंशावळीची गुंडाळी उघडते आणि पणजोबांपाशी पोचेपर्यंत आपला प्रश्न आपणच विसरतो. बयाणा मागितला की साहेब दुखावतात. रोख बाळगणं हे व्यापाऱ्यांचं काम. आमचा शब्द आहे ना?

त्यांच्यामागे तीन नोकर उभे असतात. घराण्याशी एकनिष्ठ. नियम असा की हे नोकर मालकासाठी लढत नाहीत, उघड धोक्याच्या जागी येत नाहीत, आणि फार छळ झाला तर सोडून जातात. सगळ्या खेळात शहाणी माणसं म्हणावीत तर हीच तिघं.

त्या रात्री गुदामात गडबड झाली. पेटीचा खरा मालक माणसं घेऊन आला आणि साहेबांच्या गळ्याला सुरी लागली. साहेबांच्या छातीवर उत्तम चिलखत असतं. त्याची किंमत ४०० मोहरा. थैलीत २५ असणाऱ्याकडे ते कुठून आलं हे चांगल्या घरातली माणसं विचारत नाहीत. पण 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये साहेबांची नोंद उघडली तर जीव अवघा नऊ गुणांचा. मारणाऱ्याला मिळतात अनुभवाचे २५ गुण. साधा, अनवाणी, कळकट गॉब्लिन मारला तर ५०. तलवार उपसून उभे राहिलेले उमराव हे गॉब्लिनच्या निम्मं संकट आहेत, असं पुस्तकाचं अधिकृत मत आहे.

सुरी टेकताच साहेब म्हणाले, "मला सोडा! मी नाही, यांनी पेटी आणली!"

टेबलावर शांतता पसरली. आम्हाला फसवल्याचं कोणाला काहीच वाटलं नाही. ते तर ठरलेलंच होतं. पण चार महिन्यांत पहिल्यांदाच साहेब एकवचनात बोलले होते.

आम्ही त्यांना सोडवलं. का, ते विचारू नका. आपल्या नात्यागोत्यातही असा एखादा काका असतो, कोर्टात अडकलेल्या वाड्याच्या नावावर गावभर उधार घेणारा, आणि लग्नकार्यात तोच नसला तर मांडव सुना वाटतो.

पुढच्या शनिवारी साहेब त्याच खुर्चीवर. भुवई वर. "त्या रात्री आम्ही तुम्हाला वाचवलं," म्हणाले. चाळीस मोहरांची हुंडी लिहून दिली आणि अंगठीचा शिक्का मारला.

आमच्या टोळीत एक भामटा आहे. नियमपुस्तक भामट्यालाही सामान देतं: रंगीत पाण्याच्या बाटल्या, लबाड फासे, खुणा केलेले पत्ते, किंवा एका काल्पनिक ड्यूकच्या शिक्क्याची अंगठी. आमच्या भामट्याने अंगठी घेतलेली आहे. त्याने हुंडी दिव्यापाशी धरली, बोटातली अंगठी काढून शिक्क्याशेजारी ठेवली आणि बराच वेळ पाहत बसला.

ड्यूक एकच होता.