क्षमा करून बसलेले भाऊसाहेब

नगरकडच्या कुठल्याही मंडळीत रविवारी उपासनेला जा. (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण जुनी माणसं अजून नगरच म्हणतात.) पुढून तिसऱ्या बाकावर, वाटेच्या कडेला भाऊसाहेब बसलेले असतात. कडक इस्त्रीचा सदरा, मांडीवर शास्त्र, वर 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक. तुम्ही 'सलाम' केलात की ते तुमचा हात दोन्ही हातांत धरतात आणि ओलसर आवाजात म्हणतात, "मी तुम्हाला क्षमा केलीय बरं का." आपल्या हातून काही अपराध घडलाय, ही बातमी तुम्हाला तिथेच कळते.

भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, असं शिष्य पेत्रानं प्रभूला विचारलं. उत्तर आलं, सत्तर वेळा सात. ते वाचून लोकांना एवढंच कळलं, की मोजत बसू नये. भाऊसाहेबांची हयात हिशेब खात्यात गेलेली. त्यांना कळलं ४९०. पेटी वाजवणाऱ्याची शिल्लक आता फारशी उरलेली नाही, असं ऐकतो. लग्नात करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय तेच म्हणतात, तोही पाठ. प्रीती अपकार ध्यानात ठेवत नाही, हे त्यातलं वाक्य आलं की त्यांचा गळा दाटतो. मग पंगतीत नवरदेवाच्या चुलत्यानं १९९८ साली नाताळच्या वर्गणीत काय केलं, ते तारखेनिशी सांगतात. शेवटी "मी मनात काही ठेवलं नाही" हेही आलंच.

कुणाची निंदा मात्र त्यांच्या तोंडून ऐकायला मिळणार नाही. ते प्रार्थनेची विनंती करतात. "एका भावासाठी प्रार्थना करू या. नाव घेत नाही. संध्याकाळी त्यांचे पाय वाकड्या वाटेला लागतात. स्टँडमागे, हिरव्या फाटकाचं घर." मंडळी डोळे मिटते आणि त्या घराकडे पाहते.

त्यांचा खरा दिवस उत्तम शुक्रवारचा. बारा ते तीन उपासना; वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात वक्ते. पहिला उद्गार क्षमेचा, आणि तो भाऊसाहेबांचा. वतनच आहे ते. एका नव्या पाळकांनी तो एका तरुणाला देऊन पाहिला. भाऊसाहेबांनी पाळकांना क्षमा केली, आणि ती एवढ्या लोकांना सांगितली की पुढच्या वर्षी उद्गार मुकाट्यानं परत आला. वीस मिनिटांत ते यरुशलेमेतून निघून पंच कमिटीपर्यंत येतात, पुढच्या वीस मिनिटांत खजिनदारापर्यंत. उरलेले सहा जण घड्याळाकडे बघत आपापली टिपणं खोडत असतात. पाचवा उद्गार तहानेचा. नगरचा एप्रिल, वर पत्रा; त्या वक्त्याला फारसं समजावून सांगावं लागत नाही.

त्यांना आवरतं एकच माणूस: बायकांच्या बाजूच्या बाकावर बसलेल्या बाई, त्यांच्या पत्नी. त्या एकदा खोकल्या की भाऊसाहेब 'आमेन' म्हणतात. भाजीतल्या मिठापासून मुलाच्या बदलीपर्यंत बाईंना रोज कशाची ना कशाची क्षमा मिळत असते. त्या स्वतः काय काय सोसतात, ते मात्र महिला मंडळातसुद्धा कुणाला ठाऊक नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या नवऱ्याचा, टिळकांचा, तापटपणा, हातचं देऊन टाकण्याचा स्वभाव, सगळं हसत हसत लिहिलं. 'मी क्षमा केली' असा शिक्का कुठे मारला नाही. बाई त्याच घराण्यातल्या, फक्त लिहीत नाहीत.

मंडळी भाऊसाहेबांना का सांभाळून घेते, ते कुणाच्या घरी मयत झाली की कळतं. शवपेटी, कबर खणणारे, दाखला, रात्रभर जागणं, सगळं हाच माणूस करतो, पदरचे पैसे घालतो आणि ते कधी मागत नाही. हिरव्या फाटकाच्या घरीही सगळ्यांत आधी तेच पोचले होते. कबरेत मूठभर माती टाकताना त्यांनी मयतालाही क्षमा केली, पण त्या दिवशी आवाज हळू होता.

तेव्हा तुमची कधी गाठ पडली आणि त्यांनी तुम्हाला क्षमा केली, तर "कशाबद्दल?" असं विचारू नका. सांगायला लागतात. "आभारी आहे" म्हणा आणि चपला शोधा.