थोडासाच आहे ना?

दोन एप्रिल आला की सरकारी इमारतींवर निळे दिवे लागतात, शाळांमधून निळे टी-शर्ट वाटले जातात आणि प्रमुख पाहुणे अर्धा तास उशिरा येऊन 'ही मुलं म्हणजे देवाची लेकरं' एवढं बोलून निघून जातात. जागतिक ऑटिझम जागरूकता दिन २००८ पासून पाळला जातो, त्यामुळे कार्यक्रमाचा साचा आता चांगलाच बसलाय. कीबोर्डवर राष्ट्रगीत वाजवणारा मुलगा पहिल्यांदा, मग कुठल्याही तारखेचा वार सांगणारा. माइकने कर्कश शिट्टी मारल्याबरोबर जो मुलगा स्वतःच्या हनुवटीवर बुक्के मारायला लागला, त्याला त्याची आई केव्हाच रिक्षात घालून घरी घेऊन गेलेली असते. जागरूकता मात्र ठरल्याप्रमाणे पार पडते, अल्पोपाहारासह.

आपल्याला ऑटिझम आवडतो, पण हिशेबात. थोडासा असला तर कौतुक, जास्त असला तर 'बिचारे आईवडील'.

या आवडीला सिनेमाने बरंच खतपाणी घातलंय. १९८८ च्या 'रेन मॅन'मध्ये डस्टिन हॉफमनने कॅसिनोत पत्ते लक्षात ठेवले, ऑस्कर घेतलं, आणि तेव्हापासून ऑटिझम असलेल्या प्रत्येक पोराला पाहुणे सतरा गुणिले तेवीस किती ते विचारू लागले. ज्या किम पीकना भेटून लेखकाला ती कथा सुचली, त्यांच्याबाबत पुढे वेगळ्याच जनुकीय विकाराची शक्यता सांगितली गेली. पण पाहुण्यांना कोण सांगणार? मग २०१० मध्ये 'माय नेम इज खान' आला. आणि सल्लागार मंडळींचा लाडका 'तारे ज़मीं पर' तर डिस्लेक्सियावरचा सिनेमा. तरीही ऑटिझम कळल्याच्या तिसऱ्या दिवशी नातेवाईक फोन करून तोच बघायला सांगतात.

शिवाय यादी आहेच. आइन्स्टाइन, न्यूटन, सगळ्यांना म्हणे होता. ज्यांना आता तपासता येत नाही आणि नकारही देता येत नाही, अशा माणसांचं निदान करायला आपल्याकडे कुठलीच पदवी लागत नाही. इलॉन मस्क यांनी २०२१ मध्ये टीव्हीवर स्वतःच आपल्याला अॅस्पर्गर असल्याचं सांगितलं आणि यादीला एक जिवंत सभासद मिळाला. ते निदान त्या नावाने २०१३ मध्येच अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीतून गेलं होतं, ही किरकोळ बाब.

आता या कौतुकाच्या कप्प्यातला खरा माणूस बघा. हिंजवडीत नोकरी करणारी, व्यवस्थित बोलणारी, वेळेत काम देणारी तरुणी. कँटीनच्या गलक्यात तिला समोरच्याचं वाक्य ऐकू येत नाही, कोणी अचानक मीटिंगची वेळ बदलली तर पोटात गोळा येतो, आणि दिवसभर सगळ्यांसारखं हसून-बोलून दाखवल्यावर ती घरी येऊन दिवे बंद करून पडून राहते. तिने एकदा सांगून बघितलं. उत्तर आलं, 'छे! तुला कसला ऑटिझम? तू तर नजरेला नजर देऊन बोलतेस. आणि थोडाफार तर सगळ्यांनाच असतो.' वार्षिक मूल्यमापनात शेरा मात्र 'टीममध्ये मिसळत नाही' असाच पडतो. म्हणजे ऑटिझम मान्य नाही, त्याचा दंड मान्य आहे.

दुसऱ्या कप्प्यातलं दृश्य लग्नाच्या हॉलमधलं. दहा वर्षांचा मुलगा, तोंडाने एक शब्द बोलत नाही. मांडीवर टॅब, त्यावर चित्रांचे चौकोन: पाणी, भूक, शू, घरी, पुरे. असलं एक अॅप चेन्नईतच तयार झालंय, त्याचं नावही 'आवाज'. बाहेर बेंजो पार्टी सुरू होते. मुलगा कानांवर हात दाबतो, मग एक हात काढून 'पुरे'वर बोट ठेवतो. टॅब बोलतो, 'पुरे.' पुन्हा 'पुरे.' पुन्हा. शेजारच्या खुर्चीवरच्या मावशी पैठणीचा पदर सावरत त्याच्या आईकडे झुकतात आणि हळूच म्हणतात, 'हा मोबाईल काढून घे गं आधी त्याच्या हातातून. यानेच होतं हे सगळं.'

पोराचं तोंड बंद करण्याचा याहून प्रेमळ सल्ला मिळणं कठीण.

बोलता येत नाही म्हणजे कळतही नाही, हे आपण ठरवून टाकलंय. त्यामुळे अशा मुलाच्या देखत त्याच्याबद्दल काहीही बोलता येतं: 'याचं पुढे कसं हो होणार?', 'दुसरं मूल बरं आहे ना?' सोसायटीत पत्र येतं की मुलाच्या ओरडण्याचा रहिवाशांना त्रास होतो, खिडक्या बंद ठेवाव्यात. त्याच सोसायटीत गणपतीचे दहा दिवस स्पीकर कुणाच्या खिडकीकडे तोंड करून असतो, ते पत्रात नसतं.

आणि ही मुलं मूठभर असतील म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये आठ वर्षांच्या ऑटिझम असलेल्या मुलांची आकडेवारी तपासली. जवळजवळ न बोलणारी किंवा ज्यांचा बुद्ध्यंक ५० च्या खाली आहे अशी मुलं त्यात २६.७ टक्के निघाली, चारात एकाहून जास्त. निळ्या दिव्यांच्या पोस्टरवर त्यांतलं चाळीसांत एकही दिसत नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही कप्प्यांना समान न्याय आहे: दोष आईचा. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांनी थंड स्वभावाच्या आयांमुळे ऑटिझम होतो असं पुस्तकभर सांगितलं. विज्ञानाने ते कधीच मोडीत काढलं. आपल्याकडे फक्त थंडपणाच्या जागी नोकरी आणि मोबाईल आले.

खरं तर सौम्य आणि तीव्र हे आपण मोजतो ते त्या माणसाला किती त्रास आहे यावरून नाही, तर आपल्याला किती होतो यावरून. गप्प सोसणारा सौम्य, ओरडून सांगणारा तीव्र. डॉक्टरांच्या नियमावलीतले तीन स्तर माणसाला किती आधार लागेल ते विचारतात. आपल्या सरकारी तपासणीतही चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरपासून सौम्य सुरू होतो आणि १५३ च्या पुढे तीव्र. तपासणीच्या दिवशी मुलगा किल्ल्यांचा जुडगा हलवत शांत बसून राहिला की खिडकीवरचे साहेब म्हणतात, 'दिसायला तर नॉर्मल आहे.' ओरडला तर म्हणतात, 'बाहेर घेऊन जा.'

कायदा तसा उदार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवल्या. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. हिंजवडीतली मुलगी आणि लग्नातला मुलगा अखेर इथे एकाच रांगेत येतात.

त्या मुलाची अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने तो सज्ञान होतो. त्याच्या वतीने बँकेत सही करायलाही आईवडिलांना १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व मागावं लागतं, आणि तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. दोन एप्रिलला निळा दिवा लावणाऱ्या सगळ्या साहेबांना एकच विनंती: पुढच्या वर्षी एक दिवा कमी लावा, आणि समितीपुढचे साचलेले अर्ज त्या दिवशी काढा.