नाकापेक्षा मास्क जड

सीपॅपचा, म्हणजे झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चमकी घातलेलं नाक नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगते. अंबाडाही नव्हता. रात्री केसांना चोपडलेलं खोबरेल तर नव्हतंच नव्हतं.

मूळ कल्पना मात्र झकास आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद, कधी त्याहूनही जास्त. मग मेंदू दचकतो, आपण घर्रकन श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी उठून म्हणतो, रात्रभर झोपले पण झोप झाली नाही. तासाला तीसच्या वर असं व्हायला लागलं की आजार तीव्र धरतात. पूर्वी अशा माणसाच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवण्यावाचून फारसा इलाज नव्हता. 1980 साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर ओढायच्या ऐवजी फुंकायला लावली, ती हवा नाकावाटे सोडली आणि घशाची वाट उघडी राहिली. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. माझा दहा. म्हणजे भांड्यात अर्धी वीतसुद्धा पाणी भरणार नाही, आणि तेवढ्यावर माणूस रात्र काढतो! त्या पहिल्या रुग्णांच्या नाकाचा साचा घेऊन मास्क बनवत, रोज रात्री तो सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवत आणि सकाळी सोलून काढत. हे वाचल्यापासून मी माझ्या मास्कच्या पट्ट्यांबद्दल जरा कमी कुरकुरते. जराच.

बायका घोरत नाहीत असा आपल्याकडे समज आहे, आणि तो बायकांनीच जपलाय. आमच्या घरात घोरण्याचं खातं ह्यांच्या नावावर होतं. त्यात माझी जमा कोणी वेगळी लिहिली नव्हती. पाळी गेल्यावर बायकांमध्ये या आजाराचा धोका वाढतो, पण डॉक्टरांपुढे ‘मी घोरते’ असं सांगायला जाते कोण? आम्ही सांगतो, सकाळी डोकं जड होतं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, रात्री सारखी जाग येते. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह अशी सगळी वारी होते. सुनेने एका रात्री फोनवर माझं रेकॉर्डिंग केलं म्हणून बरं. त्यात आवाज मध्येच थांबत होता, तोही इतका वेळ, की ऐकता ऐकता ह्यांनीच श्वास रोखून धरला.

झोपेची तपासणी झाली, यंत्र आलं. यंत्राची निवड सोपी असते, कारण ते उशाशी मुकाट बसतं. चेहऱ्यावर बसायचं असतं ते मास्कला.

सर्जिकलच्या दुकानातल्या मुलाने पुठ्ठ्याची मापपट्टी नाकाला लावली आणि “काकू, मीडियम” असा निकाल दिला. पहिला मास्क नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तो लावून झोपलं की वरच्या कडेतून हवा निसटे आणि मिटलेल्या पापण्यांवर वारा सुटे. गळती दिसली की नळासारखं आवळायचं, हे आपल्या हाडीमाशी. मी पट्ट्या आवळल्या. वारा वाढला. आणखी आवळल्या. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ, आणि दूधवाल्याने दारातच विचारलं, “पडलात का काकू?” मग दुकानातल्या मुलाने समजावलं. मास्कच्या सिलिकॉनला आत एक पातळ पापुद्रा असतो, तो हवेने फुगतो आणि गालाला अलगद चिकटतो. आवळलं की तो चुरगळतो आणि घड्यांमधून हवा पळते. “सैल सोडा काकू, त्याचं तो बसतो.” एवढं साधं ज्ञान मला संसारात कोणी दिलं नव्हतं.

दुसरा नुसत्या नाकापुरता. छान हलका. पण तोंड जरा उघडलं की नाकातून शिरलेली हवा तोंडावाटे सुसाट बाहेर, धड दोन शब्द बोलता येत नाहीत. हाच मास्क सगळ्यात उत्तम, असं मत ह्यांनी कोणी न विचारता दिलं. झोपेत मात्र माझं तोंड उघडतंच, आणि सकाळी घसा कोरडा ठणठणीत.

तिसऱ्याला दोन मऊ बोंडं असतात, ती नाकपुड्यांत टेकवायची. चेहरा मोकळा, चष्मा लावून वाचताही येतं. पण चमकीला आतून फिरकी असते. ती नेमकी डाव्या बोंडावर घासायची. रात्री चमकी काढून ठेव, असं सून म्हणाली. तिचं बरोबरच आहे, पण लग्नाच्या आधीपासून नाकात असलेली वस्तू यंत्राच्या सोयीसाठी डबीत ठेवायची, हे मनाला पटेना.

शेवटी प्रश्न सुटला तो दुकानात आडवं झाल्यावर. खुर्चीत बसून घेतलेलं माप हे जाग्या चेहऱ्याचं माप. आडवं झालं की गाल कानांकडे सरकतात, जबडा ढिला पडतो, कुशीवर वळलं की एक गाल उशीत जातो आणि दुसरा नाकावर येतो. हा आपला झोपलेला चेहरा आपण जन्मात पाहिलेला नसतो, आणि खरेदी तर त्याच्यासाठी करायची असते! मी त्या मुलाला म्हटलं, “यंत्र लाव, दाब दहावर ठेव, मी झोपून बघते.” विकायला ठेवलेला हॉस्पिटलचा पलंग होता, त्याच्या दांडीला किमतीची चिठ्ठी लोंबत होती. त्यावर साडी सावरून मी उताणी झाले, मग डावीकडे वळले, मग उजवीकडे. वॉकर घ्यायला आलेले आजोबा हातातला वॉकर तसाच धरून बघत राहिले. जाताना त्यांनी विचारलं, “हा पलंग चांगला आहे का?”

तिथेच मला तो मास्क सापडला. तो नाकपुड्यांच्या आत न शिरता खालून नुसता टेकतो आणि त्याची नळी डोक्यावरून येते, त्यामुळे कूस बदलली तरी गळ्याभोवती वेढा पडत नाही. तोंड उघडू नये म्हणून हनुवटीला एक पट्टी. चमकी जागच्या जागी. अंबाडा मात्र सोडावा लागला, आता झोपताना मानेवर सैल वेणी. खोबरेल रविवारी सकाळी, न्हाण्याआधी, कारण तेलकट कातडीवर सिलिकॉन ठरत नाही. झोपण्यापूर्वी साबणाने तोंड धुते. क्रीमची बाटली सुनेला देऊन टाकली.

हे सगळं मी भिशीत सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. आमच्यात कोणीच घोरत नाही. नंतर चप्पल घालताना एकीने हळूच विचारलं, “कुठल्या दुकानात गं? माझ्या जावेसाठी विचारते.” दुसरीने रात्री फोन केला, तिलाही जावेसाठीच हवं होतं. तिसरीला जाऊ नाही, तिने विहिणीचं नाव सांगितलं. मी प्रत्येकीला पत्ता दिला आणि बजावलं, जावेला पाठवशील तेव्हा सांग, बसून माप देऊ नकोस, पलंगावर आडवी हो. आणि साडीऐवजी सलवार-कमीज घाल.