निषेधकर

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर रिक्षा पुष्कळ, स्टीलची भांडी पुष्कळ आणि निषेधकर एकच. खरं आडनाव वेगळं आहे, पण निषेधाच्या पत्रकांखाली सह्या करून करून हेच चिकटलं.

"लेखकानं भूमिका घेतलीच पाहिजे!" हे ते कटिंगच्या पहिल्या घोटाला म्हणतात. दुसऱ्या घोटाला कराड येतं. डिसेंबर १९७५, आणीबाणी चालू, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, आणि संमेलनाध्यक्ष दुर्गाबाई भागवत सगळ्या मांडवाला उभं करून आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावतात! निषेधकर हे असं रंगवतात की मांडवातल्या खुर्च्या यांनीच लावल्या होत्या. त्या साली ते बिगरीत होते. पुढे दुर्गाबाईंना अटकही झाली, पण तिथवर गोष्ट पोचेपर्यंत यांची विरार लोकल येते.

त्यांची भूमिका अंतराप्रमाणे तापते. गाझावरचं पत्रक त्याच रात्री निघतं. दिल्लीवरचं दुसऱ्या दिवशी. मंत्रालयाबद्दल लिहायचं तर "जरा वातावरण बघू". जुलै २०२५ मध्ये मराठीसाठीचा मोर्चा निघाला तो नेमका मीरा रोडला, म्हणजे एका स्टेशनावर. यांनी इतकं समतोल लिहिलं की दोन्ही बाजूंनी ते 'आपल्याच बाजूचं' म्हणून फॉरवर्ड केलं.

२०१५ साली मात्र पंचाईत झाली. देशभर लेखक पुरस्कार परत करत होते. आपल्याकडे प्रज्ञा दया पवारांनी राज्य शासनाचे पुरस्कार रकमेसकट परत केले. निषेधकरही पेटले. त्यांचा पुरस्कार म्हणजे इथल्याच एका भांडीवाल्यानं दिलेली, नाव कोरलेली परात. वहिनी त्यात कणीक मळतात. "सरकारनं दिलेली नाही, सरकारला कशी परत करणार?" हा त्यांचा सवाल बिनतोड होता. निषेधकर म्हणाले, "प्रतीकात्मक." वहिनी म्हणाल्या, "मग पोळ्याही प्रतीकात्मक खा." परात घरीच राहिली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं. तुमची लेखणी आहे, आयुक्तांना चार ओळी लिहा, म्हणून सोसायटीवाले त्यांच्याकडे गेले. निषेधकर गंभीर झाले. साहित्यिकानं स्थानिक राजकारणात पडू नये, म्हणाले. कारण उघड होतं. त्यांच्या कोजागिरीच्या कविसंमेलनाचा मांडव, माइक, मसाला दूध आणि शाली ज्यांच्याकडून येतात, ते माजी नगरसेवक बॅनरवर 'भावी'ही आहेत. पण लोक हटेनात, तेव्हा त्यांनी लिहिलं. मुक्तछंदात. त्यात गटार नव्हतं, 'साचलेल्या काळाचं काळंभोर पाणी' होतं.

ती कविता माजी-भावींना फार आवडली. स्वतःच्या वाढदिवसाला त्यांनी ती निषेधकरांकडूनच वाचून घेतली, शाल दिली. श्रोते पाण्यातून चालत आले होते, तरी टाळ्या बऱ्या पडल्या.