उपक्रम झाला, फोटो पाठवला

विदर्भातली प्राथमिक शाळा उघडायच्या आधीच भरते. 2025 साली उरलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा 16 जूनला सुरू झाल्या आणि आपल्याकडच्या, उन्हापायी, 23 जूनला. मधोमध 21 तारीख, म्हणजे योग दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने 2014 साली हा दिवस मुक्रर केला तेव्हा वाशिम जिल्ह्यातलं ऊन आणि सोयाबीनची पेरणी या दोन्ही गोष्टी त्यांच्यासमोर कुणी मांडल्या नसाव्यात. मग सुटीवरचे गुरुजी गावात येतात आणि घरोघर, वावरोवावर फिरून पोरं गोळा करतात. बियाण्याची पिशवी कमरेला लावलेली एखादी माय विचारते, "गुर्जी, शाळा तं सोमवारी हाये ना?"

"शाळा सोमवारीच हाये बाई. फोटो आज हाये."

प्राथमिक शिक्षणाचं धोरण इतक्या थोडक्यात मंत्रालयालाही कधी मांडता आलेलं नाही.

सोमवारी शाळा खरोखर उघडते. प्रवेशोत्सव होतो. पहिलीच्या लेकरांना फेटे बांधून बैलगाडीतून मिरवतात, आणि बैल पेरणीत अडकले असतील तर ट्रॅक्टरमधून. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पाऊलठसे घेतात. लेकरू रडत असतं, पण ठसा हसरा येतो. तीनच दिवसांनी शाहू महाराजांची जयंती. तिथून जी रांग लागते ती थेट एप्रिलपर्यंत. या रांगेतल्या एकाही माणसाबद्दल माझी तक्रार नाही. फुले, शाहू, आंबेडकर, सावित्रीबाई हे लोक होते म्हणून तर ही पोरं शाळेत आहेत. तक्रार असलीच तर त्यांच्या तारखांबद्दल आहे. 15 ऑक्टोबर घ्या. अब्दुल कलामांची जयंती म्हणून त्या दिवशी वाचन प्रेरणा दिन, आणि जगाने नेमका तोच हात धुण्याचा दिवस ठरवलेला. चार वर्गांना दोन शिक्षक असलेल्या शाळेत हे दोन्ही दिवस दुपारच्या खिचडीच्या आत उरकायचे असतात. आधी हात धुतले तर पुस्तकं ओली होतात, आधी वाचलं तर हात धुवायचे राहतात. एका अनुभवी गुरुजींनी यावर तोड काढली: निम्मी पोरं नळावर, निम्मी पुस्तकं घेऊन व्हरांड्यात, आणि दहा मिनिटांनी अदलाबदल. दोन्ही फोटोंत पटसंख्या पूर्ण दिसत नाही म्हणून वरून विचारणा झाली, तो भाग वेगळा.

12 जानेवारीचंही तसंच. जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी जन्मले. सिंदखेडराजा आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, त्यामुळे जिजाऊ आम्हाला घरच्या. तेव्हा नऊवारीतली एक जिजाऊ आणि भगव्या फेट्यातला एक विवेकानंद हाताची घडी घालून शेजारी शेजारी उभे राहतात. फेटा मात्र जूनमधल्या प्रवेशोत्सवाचाच. शाळेत काटकसर असते. फ्लेक्सही एकच. वर शाळेचं नाव, केंद्र, तालुका, जिल्हा कायमचे छापलेले आणि खालची जागा मोकळी. तिथे त्या त्या दिवसाची कागदी पट्टी टाचणीने लावायची. घाईत गेल्या वेळची पट्टी काढायची राहून जाते आणि हुतात्मा दिनी शाळेत आनंद मेळावा भरतो.

फोटो निघाला म्हणजे काम संपलं असं समजणाऱ्यांनी जिल्हा परिषदेची शाळा पाहिलेली नाही. फोटो जिओ टॅगचा लागतो. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळं त्यावर उमटलं पाहिजे. कुणी मांडवाखाली बसून बालिका दिन साजरा करू नये, यासाठी ही व्यवस्था. मग तो आधी केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, नंतर तालुक्याच्या, आणि शेवटी लिंकवर. लिंक बाराला येते, वर 'अतितातडीचे' असतं आणि मुदत त्याच दिवशी चारची. रेंज गावच्या पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर येते. गुरुजी तिथे उभे असतात तेव्हा वर्गात पाढे चालू असतात. म्हणजे बारा नव्वे चालू असतं आणि पुढे सरकत नाही, कारण पुढचं सांगायला माणूस टाकीवर आहे. लिंकमध्ये फोटोच्या रकान्यापुढे तांबडी चांदणी असते, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'विद्यार्थ्यांना काय समजले' असा रकाना मी शोधला. चांदणी तर सोडाच, रकानाच सापडला नाही.

शासनाचं फोटोप्रेम आजचं नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये असा निर्णय निघाला होता की दर सोमवारी शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून चढवावा, म्हणजे गळती कळेल. शिक्षकांनी आरडाओरड केली, तेव्हा दोन-तीन महिन्यांत तो बासनात गेला. 2022 मध्ये 'आपले गुरुजी' आले. वर्गात शिक्षकाचा मोठा फोटो लावायचा, म्हणजे खरे गुरुजी कोण ते पोरांना ओळखता येईल. टाकीवर जाणाऱ्या माणसाचा फोटो वर्गात असावा, हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतं. पुढे 2024 च्या 'माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानात मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत सेल्फी आले. त्याच साली आनंददायी शनिवारही आला. आठवड्यातून एक दिवस पोरांनी आनंदी राहायचं आहे. आनंदाचा अहवाल सोमवारी.

अंड्याचंही सांगायला हवं. 2023 च्या अखेरीस पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं आणि ताटातल्या अंड्याचे सुरेख फोटो निघाले. जानेवारी 2025 मध्ये त्या अंड्याचे पैसे थांबले. लोकवर्गणीतून द्यायचं तर द्या म्हणे. फोटो अजून फोनमध्ये आहेत.

तांड्यावरच्या शाळेचा फोटो सगळ्यात भारी येतो. मानोरा तालुक्यात पोहरादेवी, बंजारा समाजाची काशी. तिकडे मोठी पावलं वळली की आजूबाजूच्या तांड्यांवर आज्यांच्या पेट्या उघडतात. फेटिया, कांचळी, आरशांची टिकली, कवड्या. तिसरीतली पोर त्या भाराने वाकलेली असते, पण लेन्समध्ये आरसे असे काही चमकतात की साहेब स्वतः मोबाइल काढतात. 'संस्कृतीचे जतन' अशी पट्टी लागते. हीच पोर सहा वर्षांची असताना पहिलीत आली तेव्हा तिच्या तोंडात फक्त गोरबोली होती. मॅडम मराठीत 'पाणी हवं का' विचारत आणि ती नुसती पाहत राही. कितीतरी दिवस तिला घाबरट, मग मंद, असं म्हणून झालं. शेवटी पोषण आहार शिजवणाऱ्या तांड्यावरच्याच बाईने चुलीपाशी बसवून तिला मराठीतली भांडी, धान्य, माणसं ओळखवली. त्याचा फोटो नाही. स्वयंपाकघर 'उपक्रम' या सदरात बसत नाही, आणि धुरात तसंही काही दिसत नाही.

2018 पासून वाशिम नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. म्हणजे आम्ही मागे आहोत आणि त्याची दर महिन्याला नोंद होते. तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला वाचता यावं म्हणून निपुण भारत 2021 मध्ये सुरू झालं. 'असर'च्या 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्क्यांना दुसरीचा मजकूर वाचता आला. आधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा बरा आहे, आणि ज्या गुरुजींनी तो वर आणला त्यांनी तो दोन लिंकांच्या मधल्या वेळात आणला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने त्यांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामांतून मोकळं केलं आहे. फोटो काढणं हे शैक्षणिक काम असल्याने ते कलम इथे लागू होत नाही.

माझी शासनाला एक सूचना आहे. शिक्षणसेवक आहेतच, तसे फोटोसेवक नेमा. मानधन तेच, महिना 16 हजार. अट एकच, उमेदवाराला टाकी चढता यावी. यात धोका एवढाच की गुरुजी दिवसभर वर्गात राहतील आणि शिकवू लागतील. त्याचा फोटो अगदीच वाईट येतो. एक पोर पुस्तकात बोट ठेवून अडखळत वाचतंय, गुरुजी त्याच्यावर वाकलेत, बाकीची पाटीवर काहीतरी खरडतायत, मागे फ्लेक्स नाही, कुणाचंच तोंड कॅमेऱ्याकडे नाही. असा फोटो ग्रुपवर टाकून पाहा. पाच मिनिटांत उत्तर येईल: मुलांचे चेहरे स्पष्ट दिसत नाहीत, उपक्रमाचे नाव नमूद नाही, तात्काळ पुन्हा पाठवा.