पागडीचे कॅप्टन

कॅप्टन अमेरिकेतल्या एका उपनगरात, तळघरात राहतात. घर तसं वर आहे. बायको, मुलं, स्वयंपाकघर, टीव्ही, सगळं वरच आहे. खाली फक्त कॅप्टन, तीन मॉनिटर, टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेलं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, आणि पायाशी रडर पेडल. पेडल जागचे सरकू नयेत म्हणून मागे जुन्या विश्वकोशाचे दोन खंड लावलेत. त्या खंडांचा गेल्या वीस वर्षांतला एवढाच उपयोग.

खरं विमान कॅप्टननी कधी चालवलेलं नाही. प्रवासी म्हणून बसले की मात्र पंखाजवळची खिडकी मागून घेतात, फ्लॅप किती अंश खाली आले ते शेजाऱ्याला न विचारता सांगतात, आणि चाकं टेकली की हळूच मान डोलावतात. आत बसलेल्या वैमानिकाला पास केल्यासारखी.

या जमातीला ‘सिमर’ म्हणतात. फ्लाइट सिम्युलेटर खेळतो तो सिमर. (‘खेळतो’ हा शब्द त्यांच्यासमोर वापरू नये. सिमर उडवतो.) कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की मराठी घरात गॅस सिमवर ठेवतात, त्याच्याशी या नावाचा संबंध नाही, पण माणूस बघितला की असावा असं वाटतं. भडका कधी नाही आणि विझणंही नाही. वर्षानुवर्षं मंद आचेवर. असे कॅप्टन ओहायोत आहेत, केंटमध्ये आहेत, जर्मनीत तर गल्लोगल्ली आहेत, आणि ठाण्या-डोंबिवलीतही आहेत. मराठी सिमर ओळखायचा असेल तर त्याला मुंबई विमानतळाविषयी विचारावं. इतर लोक पार्किंगबद्दल बोलतात. तो एकमेकींना छेदणाऱ्या ०९-२७ आणि १४-३२ या धावपट्ट्यांबद्दल बोलतो.

कॅप्टनचं उड्डाण म्हणजे एक व्रत असतं. न्यूयॉर्कहून फ्रँकफर्टला जायचं तर साडेसात तास लागतात, आणि कॅप्टन साडेसात तासच लावतात. पाऊण तास चेकलिस्टमध्ये जातो. मग व्हॅटसिम नावाच्या जाळ्यावर, जिथे २००१ सालापासून हौशी मंडळी फुकटात कंट्रोलर होऊन बसतात, तिथून निघण्याची परवानगी घ्यायची. समुद्र लागला की ऑटोपायलट लावून झोपायचं आणि उतरायच्या बेताला गजर लावून उठायचं. २००६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’मध्ये या व्रताला एक शापही होता. तो प्रोग्राम ३२ बिटांचा. चार जीबीच्या पलीकडची मेमरी त्याला दिसतच नसे. रात्रभर अटलांटिक ओलांडून धावपट्टी समोर आली, की शहराच्या इमारतींनी मेमरी भरायची, ‘डिंग’ असा आवाज यायचा आणि विमान, शहर, पहाट सगळं एकदम नाहीसं व्हायचं. वर झोपलेल्या घरच्यांना तो ‘डिंग’ ऐकू येत नसे. त्यानंतर कॅप्टन जे बोलत, ते येई.

आता मूळ दुखणं. कॅप्टनचं सगळं आयुष्य या गेममध्ये आहे, पण गेम त्यांचा नाही. त्यांची अवस्था गिरगावातल्या पागडीच्या भाडेकरूसारखी आहे. जागा मालकाची, पण फरशी याने बसवली, पोटमाळा याने काढला, मोरीला टाइल्स याने लावल्या. गेम मूळचा पन्नास-साठ डॉलरचा. त्यावर कॅप्टननी एक बोइंग घेतलं, एक एअरबस घेतलं, ढग वेगळे घेतले, पाण्याचा रंग वेगळा घेतला, लंडन आणि हाँगकाँगचे विमानतळ सुटे घेतले. एकूण रक्कम बायकोला माहीत नाही. कॅप्टननीही बेरीज केलेली नाही. त्यामुळे मालक जागा विकतोय अशी कुजबुज झाली, की पागडीवाल्याच्या पोटात उठतो तोच गोळा यांच्याही पोटात उठतो: नवा बिल्डर कोण, आणि माझ्या पोटमाळ्याचं काय?

घराणं जुनं आहे, हे मात्र मान्य करायला हवं. ब्रूस आर्टविक नावाच्या विद्यार्थ्याने १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात, संगणकाच्या पडद्यावर उड्डाण कसं दाखवता येईल यावर प्रबंध लिहिला. १९७९ साली ॲपल-टू संगणकासाठी पहिला गेम आला, आणि १९८२ साली तो मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर अवतरला, विंडोजच्या तीन वर्षं आधी. ‘विंडोज आमच्यापेक्षा धाकटं,’ असं कॅप्टन सांगतात. ‘आमच्यापेक्षा’ या शब्दावर जोर असतो. तेव्हा गेम सुरू केला की विमान शिकागोच्या सरोवराकाठी मेग्ज फील्डवर उभं असायचं. २००३ सालच्या मार्चअखेरीस एका रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून त्या खऱ्या विमानतळाच्या धावपट्टीवर भल्यामोठ्या फुल्या खोदून ठेवल्या. सिमरांनी मेग्ज फील्ड पडद्यावर पुन्हा बांधला. कॅप्टन आजही तिथे उतरतात आणि महापौरांचं नाव काढलं तर जेवत नाहीत.

जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पाच हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. त्यात हा गेम बनवणारा ‘एसेस’ स्टुडिओच बंद झाला. मालक जिवंत, चाळ उभी, पण गवंडी, प्लंबर, रखवालदार सगळे गेलेले. त्या रात्रीपासून ‘विकत कोण घेणार’ हा कॅप्टनचा खरा छंद झाला, उडवणं दुय्यम.

तर्क एकाहून एक. गूगल घेणार, कारण त्यांच्याकडे पृथ्वीचा नकाशा आहे आणि गूगल अर्थमध्ये २००७ सालीच एक चिमुकलं सिम्युलेटर लपवून ठेवलं होतं. बोइंग घेणार, कारण बोइंगने घ्यायला हवं. एक्स-प्लेन या प्रतिस्पर्धी सिम्युलेटरवाले घेणार आणि बंद करणार. एकाने तर सगळ्यांनी वर्गणी काढून आपणच घ्यावं असं सुचवलं. गणेशोत्सवाबाहेर वर्गणीवर एवढा विश्वास क्वचितच दिसतो. पुरावे तर विचारूच नयेत. मायक्रोसॉफ्टच्या नोकरीच्या जाहिरातीत ‘विमानांची आवड असल्यास उत्तम’ असं आलं, तर गेम परत येतोय. असं काही आलं नाही, तर विक्रीची बोलणी चालू असल्यामुळे भरती थांबली आहे. कंपनीतला कुणी बोलला तर हूल देतोय, गप्प बसला तर करारामुळे तोंड बांधलंय. पत्रिका बघणारे ज्योतिषीही इतकी पळवाट ठेवत नाहीत.

खरं गिऱ्हाईक आलं ते कुणाच्याच यादीत नव्हतं. २००९ सालीच लॉकहीड मार्टिनने, म्हणजे एफ-३५ लढाऊ विमानं बनवणाऱ्या कंपनीने, या गेमच्या व्यावसायिक आवृत्तीचे हक्क आणि सोर्स कोड घेतला. नाव मात्र मायक्रोसॉफ्टकडेच राहिलं. म्हणजे इमारत विकली, पाटी ठेवून घेतली. लॉकहीडचं ‘प्रिपेअर्ड’ २०१० साली आलं. त्याच्या परवान्यात लिहिलं होतं की हे प्रशिक्षणासाठी आहे, घरगुती करमणुकीसाठी नाही. विद्यार्थ्यांचा परवाना साठेक डॉलरला, व्यावसायिकांचा दोनशेला. जगभरातल्या तळघरांतले पन्नाशी उलटलेले, टक्कल पडलेले असंख्य गृहस्थ एका रात्रीत विद्यार्थी झाले. आपले कॅप्टनही झाले. ‘करमणूक’ या शब्दाशी आपला संबंध नाही, असं ते शपथेवर सांगू शकतात, आणि रात्री तीन वाजता त्यांचा चेहरा पाहिला तर खरंही वाटतं.

मायक्रोसॉफ्टला मग स्वतःलाच उमाळा आला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट’ निघालं. फुकट, पण उडायला हवाईचं एकच बेट. पुढचं पैसे देऊन. कॅप्टननी मोठं प्रवासी जेट शोधलं, ते नव्हतं. जुलैमध्ये त्याचं काम थांबवल्याचं जाहीर झालं. चार वर्षांतून एकदा वाढदिवस येणारं पोर पाच महिन्यांत गेलं. कॅप्टननी सुतक पाळलं नाही.

जुलै २०१४ मध्ये पुन्हा बातमी आली: हक्क मिळाले ‘डव्हटेल’ला. ही इंग्लंडातली कंपनी, आणि धंदा रेल्वेच्या गेमचा. कॅप्टन तीन रात्री झोपले नाहीत. कारण डव्हटेलच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये इंजिनं आणि मार्ग सुटे विकले जात. सगळे घ्यायचे तर खर्च हजारो डॉलरवर जाई. ‘उद्या हे धावपट्टी एकदा विकतील आणि दिवे वेगळे विकतील,’ कॅप्टन म्हणाले. बायकोने शांतपणे विचारलं, “तुम्ही तेच तर विकत घेता ना?” त्यावर कॅप्टनना खाली काहीतरी काम आठवलं. आणि इथे तर विक्री झालीच नव्हती. मिळाला होता तो परवाना. डव्हटेलने डिसेंबरात जुनाच गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात आणला, २०१७ साली ६४ बिटांचं ‘फ्लाइट सिम वर्ल्ड’ काढलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते गुंडाळल्याचं सांगून टाकलं. ‘डिंग’ कायमचा संपेल ही आशाही त्याबरोबर गुंडाळली गेली.

मग ९ जून २०१९ उजाडला. कसलीही कुणकुण नसताना मायक्रोसॉफ्टने एका कार्यक्रमात दीड-दोन मिनिटांची चित्रफीत दाखवली: उपग्रहचित्रांतून उभी केलेली सगळी पृथ्वी. बनवणार कोण? फ्रान्सच्या बोर्दो शहरातलं आसोबो. आसोबोची ख्याती म्हणाल तर स्वयंपाकी उंदराच्या ‘राटाटुई’चा गेम आणि नुकताच आलेला, प्लेगच्या उंदरांच्या लोंढ्यांचा ‘अ प्लेग टेल’. दहा वर्षांत कॅप्टननी शंभर नावं सुचवली होती. उंदीरवाल्यांचं एकही नव्हतं. त्या रात्री मात्र त्यांनी सगळ्यांना कळवलं की आपल्याला अंदाज होताच.

ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला तेव्हा युरोपात त्याची दहा डीव्हीडींची पेटीसुद्धा मिळत होती. कॅप्टननी ती मागवून घेतली, डीव्हीडी ड्राइव्ह नसताना. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढची आवृत्ती निघाली. पहिल्या दिवशी सर्व्हर असे गुदमरले की लोडिंगची पट्टी ९७ टक्क्यांवर तासन्‌तास उभी. कॅप्टनना ती चक्क आवडली. प्रत्यक्ष विमानतळावर ताटकळण्याचा अनुभव इतका हुबेहूब याआधी कुणी दिला नव्हता.

जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ९,००० नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं, आणि तळघरातला गॅस सिमवरून पुन्हा मोठा झाला. कॅप्टननी मित्रांना दोन तास समजावून सांगितलं की आता फ्रँचायझी नक्की विकली जाणार, नाताळच्या आत. २००९ सालची चिन्हं जशीच्या तशी आहेत. शहाण्या माणसाने यापुढे यात एक डॉलरही घालू नये. बोलणं संपल्यावर त्यांना दिसलं की एका नव्या बोइंग ७७७ वर सवलत चालू आहे आणि मुदत आज रात्रीपर्यंतच आहे. हे विमान फक्त याच आवृत्तीत चालतं.

सध्या ते विमान आइसलँडच्या दक्षिणेला, सदतीस हजार फुटांवर आहे. विक्रीची काही बातमी आली तर उठवा, असं जिन्यातून वर ओरडून सांगून कॅप्टन झोपले आहेत.