अपडेटराव

चालत्या वस्तूकडे बघून समाधान मानणारी माणसं जगात बहुसंख्य आहेत. अपडेटराव त्यांच्यातले नव्हेत. एखादी वस्तू विनातक्रार चालताना दिसली की ते अस्वस्थ होतात आणि विचारतात, "पण व्हर्जन कुठलं?"

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना चांदीचा गणपती दिला आणि मुलाने मदरबोर्ड. गणपती कपाटात आहे. मदरबोर्ड हॉलमध्ये, बाजूचं झाकण कायमचं काढलेल्या कॅबिनेटमध्ये, पाहुण्यांना नीट दिसेल असा. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी स्टार स्क्रूड्रायव्हर अडकवलेला आणि चाव्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह, तोही फॅट-32 मध्ये फॉरमॅट केलेला, कारण बायोसला दुसरं काही सहसा वाचता येत नाही.

बायोस हे त्यांचं आराध्य. विंडोज वगैरे गोष्टी त्यांच्या लेखी वरवरच्या. खरा जीव मदरबोर्डावरच्या त्या आठ पायांच्या चिमुकल्या चिपमध्ये. बटण दाबल्यावर प्रोसेसरला, रॅमला, डिस्कला जागं करणारं फर्मवेअर त्या चिपमध्ये असतं. आता त्याला यूईएफआय म्हणायचं असतं, हे ते दुसऱ्यांना बजावतात आणि स्वतः बायोसच म्हणतात. कंपनीच्या साइटवर नवीन फाइल आली की सोबत काय बदललं याची ओळ असते, आणि बहुतेक वेळा ती एकच असते : सिस्टिमची स्थिरता सुधारली. अपडेटराव ती दर वेळी नव्याने वाचतात. अपडेटनंतर स्थिरता कधीकधी इतकी सुधारते की मशीन जागचं हलत नाही, ही गोष्ट वेगळी.

"बायोस नीट चालत असेल तर बदलू नका" असं काही मदरबोर्ड कंपन्या स्वतःच लिहून ठेवतात. अपडेटरावांच्या पत्नीने ते कधी वाचलेलं नाही, पण मत तेच. "अहो, चाललंय ना? मग हात लावू नका," हे वाक्य त्या घरात शुभंकरोतीपेक्षा नियमाने म्हटलं जातं. न्याय करायचा तर अपडेटरावही नेहमीच चुकीचे नसतात. 2024 साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजने खराब होत असल्याचं उघड झालं आणि त्यावरचा बंदोबस्त बायोस अपडेटमधूनच आला. तो आठवडा अपडेटराव छाती पुढे काढून जिन्यातून हिंडत होते. इमारतीत तसा प्रोसेसर कोणाकडेच नव्हता, याचं मात्र त्यांना मनापासून वाईट वाटलं.

मग एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी प्रिंटर चालत नाही म्हणून त्यांना बोलावलं. केबल सैल होती. ती घट्ट बसवून माणूस चहा पिऊन निघाला असता. पण अपडेटरावांनी जाता जाता डिलीट की दाबून आत डोकावलं आणि डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन बोलतात त्या आवाजात म्हणाले, "काकू, तुमचं बायोस 2017 चं आहे."

"मग?"

"आणि तुम्ही रात्री झोपता?"

काकूंना झोप न येण्याची इतर कारणं होती, पण आता त्यात हे आलं. पेनड्राइव्ह जुडग्यातून निघाला. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत सरकली, मशीन आपणहून बंद होऊन सुरू झालं, पंखा फिरू लागला आणि पडदा काळा राहिला.

इथे खरं औषध एकच : गप्प बसणं. अपडेटनंतर मशीन दोन-तीनदा स्वतःच बंद-चालू होऊ शकतं. डीडीआर-5 रॅमवाल्या नव्या मशीनला तर रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटंही लागतात आणि तोवर पडदा काळाच असतो. अपडेटरावांना हे पाठ आहे. दुसऱ्याचं मशीन असेल तर ते फोनवरून बजावतातही, "हात लावू नका!" पण समोर मशीन असताना त्यांचा हात त्यांच्या ज्ञानाचं ऐकत नाही. त्यांनी पॉवर बटण दाबून धरलं.

पुढचा कार्यक्रम ठरलेल्या क्रमाने झाला. आधी "बीप ऐका!" म्हणून सगळ्यांना गप्प केलं, पण बीप देणारा स्पीकर हल्ली बहुतेक कॅबिनेटमध्ये नसतो, त्यामुळे शेजारची मालिका तेवढी ऐकू आली. मग रॅम काढून काकूंच्या नातवाच्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले. मग बोर्डावरची बटणासारखी सीआर2032 बॅटरी काढून पाच मिनिटं ताटलीत ठेवली, म्हणजे बायोसमधल्या सेटिंग विसरल्या जातात. त्या पाच मिनिटांत 1999 च्या 26 एप्रिलची कथा झाली. त्या दिवशी 'चेर्नोबिल' नावाने गाजलेल्या सीआयएच व्हायरसने जगभरच्या अनेक मशीनचं बायोस पुसलं होतं. तेव्हा बँकेत अपडेटरावांनी तसाच दुसरा बोर्ड सुरू करून, चालू अवस्थेतच त्याची चिप उपटून, तिथे मेलेली चिप खोचून तिच्यात पुन्हा बायोस भरलं होतं, असं ते सांगतात. अशी युक्ती तेव्हा खरंच केली जायची. साक्षीदार बदलून दुसऱ्या शाखेत गेलेले आहेत.

बॅटरी बसवली आणि पडदा उजळला. कंपनीचं चिन्ह आलं. अपडेटराव विजयाने वळले, तोवर खाली ओळ आली : बूट करण्याजोगं डिव्हाइस सापडत नाही.

"हार्डडिस्क गेली," त्यांनी जाहीर केलं.

"सकाळी होती की!" काकू म्हणाल्या.

या एका वाक्यात सगळं निदान होतं, पण ते काकूंचं असल्यामुळे विचारात घेतलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट चादरीत गुंडाळून दोघं ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यात पोहोचले. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "काय केलं होतंत?"

"काही नाही, आपोआप झालं," अपडेटराव म्हणाले.

"यांनी बायोस बदललं," काकू म्हणाल्या.

पोराने मान डोलावली. नव्या बायोसने साऱ्या सेटिंग कारखान्यातून निघाल्यासारख्या करून टाकल्या होत्या. काकूंची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने मांडलेली. तिला सुरू होण्यासाठी सीएसएम ही जुनी सोय लागते, आणि नव्या बायोसमध्ये ती मुळात बंद होती. डिस्क जिवंत होती, तिला कोणी ओळख देत नव्हतं. पोराने सीएसएम चालू केलं, एफ-10 दाबलं, आणि काकूंच्या नातवाचा मुंजीतला फोटो पडद्यावर आला.

"बघा," अपडेटराव म्हणाले, "नव्या बायोसमध्ये काही दोष नव्हताच."

पैसे त्यांनीच दिले. पण निघताना त्यांची नजर काउंटरवरच्या एका इवल्याशा काळ्या पट्टीवर गेली. तो सीएच341ए प्रोग्रामर होता. त्याचा चिमटा चिपच्या आठ पायांवर बसवला की बोर्ड पूर्ण मेलेला असला तरी चिपमध्ये बायोस पुन्हा भरता येतं. किंमत काही शे रुपये. तेवढ्यात माणसाला अभय मिळत असेल तर कोण सोडेल? अपडेटराव आता अपडेटला घाबरत नाहीत. आधीही घाबरत नव्हते, पण आता इतरांनीही घाबरू नये असा त्यांचा आग्रह असतो. काकूंचा प्रिंटर पुन्हा बंद आहे. त्या पोस्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात आणि जाताना चौथ्या मजल्याची खिडकी बंद आहे ना, हे बघून घेतात.

मागच्या महिन्यात लिफ्टचा मेकॅनिक आला होता. तेल-पाणी करून झाल्यावर सेक्रेटरींना तो सहज म्हणाला, "साहेब, कंट्रोलरचं नवीन सॉफ्टवेअर आलंय." सेक्रेटरींनी त्याला हाताला धरून गेटबाहेर नेलं आणि वाक्य तिथे पूर्ण करायला लावलं. त्याच संध्याकाळी कमिटीची तातडीची बैठक झाली. इतिवृत्तात ठराव एकमताने मंजूर असल्याची नोंद आहे : लिफ्टच्या दुरुस्तीसंबंधी कोणतीही माहिती चौथ्या मजल्यावर कळवू नये. सूचक म्हणून खाली सही आहे ती अपडेटरावांच्या पत्नीची.